साडूचं लिव्हर

काटेसाहेबांनी आयुष्यात दारूचा थेंब घेतला नव्हता, आणि ही गोष्ट ते कोणाला विसरू देत नसत. कोणाच्या निवृत्तीचा समारंभ असो की साहेबलोकांची मेजवानी, हातातला ग्लास जरा वर धरून ते सांगत, "लिंबूपाणी आहे बरं का." कोणी विचारलेलं नसे.

नोकरी वजनमापे खात्यात. दुकानादुकानांत जायचं, तराजू आणि काटे तपासायचे. बरोबर एक लाकडी पेटी असे, आत मखमलीच्या खाचांत बसवलेली पितळी वजनं. काटा खरा निघाला तर शिक्का, खोटा निघाला तर दुकानदाराची पाचावर धारण. म्हणून सगळा बाजार त्यांना काटेसाहेब म्हणे, आणि हळूहळू घरचेही म्हणू लागले. माणूस सरळ, हात स्वच्छ. फक्त स्वतःच्या हाताच्या स्वच्छपणाची त्यांना जरा जास्तच जाणीव होती. व्यसन म्हणाल तर गोडाचं. चहात साखर दोन चमचे, वर बिस्किटं, आणि गाडीच्या खणात केकचा एखादा तुकडा कायमचा मुक्कामाला. पोट शर्टाच्या गुंड्यांशी भांडत होतं, पण पोट काय, सरकारी माणसाला शोभूनच दिसतं, असं त्यांचं मत.

त्यांच्या बायकोला माहेरी थोरली म्हणत. तिच्या पाठची धाकटी. धाकटीचा नवरा, म्हणजे काटेसाहेबांचा साडू, सोफे आणि खुर्च्या शिवायचा. बारीक खिळ्यांची मूठ तोंडात टाकायचा आणि एकेक खिळा जिभेने ओठांवर आणून हातोडीच्या लोहचुंबकी टोकाला चिकटवायचा. खिळा कापडावर कधी बसला हे बघणाऱ्याला कळत नसे. तोंडात खिळे असतानाही तो बोलायचा, विनोद करायचा, आणि आजवर एकही खिळा त्याने गिळला नव्हता. पण दुकानाचं शटर खाली गेलं की बाटलीचं झाकण वर यायचं. तमाशा नाही, मारझोड नाही, उधळपट्टीही नाही. एवढंच की दिवस मावळल्यावर धाकटीला त्या घरात बोलायला माणूस नसे.

थोरलीच्या घरी विषय निघाला की काटेसाहेब म्हणत, "माणूस लाखाचा हो, पण..." त्या 'पण'नंतर ते काही बोलत नसत. ग्लास मात्र उचलत.

धाकटीच्या घराजवळ एक नवी लॅब निघाली तेव्हा दोघी बहिणींनी आपापल्या नवऱ्यांची रक्ततपासणी करून घ्यायचं ठरवलं. दोन्ही पुरुषांनी कुरकुर केली, आणि दोघांनाही उपाशीपोटी नेऊन शेजारी-शेजारी खुर्च्यांवर बसवण्यात आलं. रक्त घेणारी मुलगी कान आणि खांद्यामध्ये फोन धरून कोणाशी तरी भांडत होती. भांडता भांडताच तिने आधी एकाच्या दंडाला रबरी पट्टी बांधली, मग दुसऱ्याच्या, आणि चार नळ्या एकाच ट्रेमध्ये टाकल्या. साडू म्हणाला, "बाई, भांडण संपेपर्यंत थांबतो आम्ही." ती हसली नाही.

रविवारी सकाळी थोरलीच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती चौघं बसले असताना फोनवर रिपोर्ट आले. थोरलीने चष्मा लावून नवऱ्याचा रिपोर्ट वाचायला घेतला. साखर काठावर, चरबी जरा जास्त. मग ती थांबली.

"हे जीजीटी काय असतं? तुमचं तिप्पट दाखवतंय."

धाकटीने स्वतःच्या फोनवर शोधलं. यकृतातलं एक एन्झाइम, लिव्हरला त्रास झाला की रक्तात वाढतं, आणि बहुतेक वेळा दारू पिणाऱ्यांचं वाढतं, असं तिने मोठ्याने वाचून दाखवलं.  मग साडूने काटेसाहेबांच्या पाठीवर थाप मारली.

"साहेब! कधीपासून? आणि एकटे एकटे?"

सगळे पोट धरून हसले, काटेसाहेब सोडून. त्यांचा चेहरा असा झाला की थोरलीने हसू पदराआड नेलं. मग धाकटीने नवऱ्याचा रिपोर्ट उघडला. लिव्हर स्वच्छ. सगळे आकडे कसे पाटीवर लिहून ठेवल्यासारखे जागच्या जागी. सगळ्यांत आधी तिचं हसू थांबलं.

"ताई," ती म्हणाली, "नळ्या बदलल्यात गं. ती बया फोनवर भांडत होती ना!"

बस, निकाल लागला. काटेसाहेबांचा जीव भांड्यात पडला. "चोर सोडून संन्याशाला सुळी," ते म्हणाले, आणि तिसरं बिस्किट उचललं.

साडू हसला नाही. त्याचा सख्खा थोरला भाऊ लिव्हरनेच गेला होता. डोळे हळदीसारखे पिवळे, पोट टम्म फुगलेलं आणि हातपाय काड्या, असा तो शेवटचे महिने पलंगावर पडून होता आणि याने त्याचं सगळं केलं होतं. फोनवरचा तो आकडा साडूने पुन्हा पुन्हा पाहिला. काटेसाहेबांनी लॅबला फोन लावला. तिथला माणूस म्हणाला, आमच्याकडे असं होत नाही, पण शंका असेल तर दोघं परत रक्त द्या. साडूने हात जोडले. "नको. दिसायचं ते दिसलं. खाई त्याला खवखवे."

त्याच दिवशी त्याने घरातल्या बाटल्या मोरीत ओतल्या. धाकटीने सांगितलं म्हणून नव्हे, स्वतःहून. पहिले काही दिवस हातोडी हातात नीट बसेना आणि दोन खुर्च्या उसवून परत शिवाव्या लागल्या. पण तो टिकला.

इथेच गोष्ट संपायची. पण काटेसाहेबांच्या अंगात खातं मुरलेलं. एखादा काटा खोटा वाटला तरी दुसऱ्यांदा वजन टाकून पाहिल्याशिवाय त्यांनी कधी कोणाला दोषी धरलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर त्यांना एक कोरा करकरीत, निर्दोष रिपोर्ट हवा होता. धाकटी, साडू, बायको, सगळ्यांसमोर टेबलावर ठेवायला. कर नाही त्याला डर कशाला, असं म्हणत ते ऑफिसजवळच्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेले आणि तिथून दुसऱ्या लॅबमध्ये रक्त दिलं. या वेळी नळीवरचं नाव त्यांनी स्वतः वाचलं.

दोन दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी त्यांना समोर बसवलं. मध्यमवयाच्या, भरभर बोलणाऱ्या बाई.

"रोज किती घेता?"

"काय?"

"ड्रिंक्स."

"मी घेत नाही."

"आठवड्यातून?"

"बाई, मी आयुष्यात थेंब घेतलेला नाही."

"बरं," बाई म्हणाल्या. काटेसाहेबांनी अनेक दुकानदारांना नेमकं याच सुरात 'बरं' म्हटलं होतं. त्यांचे कान तापले. आकडा तोच होता. तिप्पट, उलट किंचित जास्तच.

बाईंनी त्यांना टेबलावर झोपवलं, पोट दाबून पाहिलं, कमरेला टेप लावला. प्रेशर एकदा घेतलं, जरा थांबून परत घेतलं. पोटाची सोनोग्राफी करून आणायला सांगितली आणि ती बघितल्यावर म्हणाल्या, "ठीक आहे, विश्वास ठेवते. दारू नाही, साखर आहे. लिव्हरवर चरबीचा थर बसलाय. त्यानेही हे जीजीटी वाढतं."

"म्हणजे दारूचं नाही!" काटेसाहेब उठून बसले. "तसं लिहून द्याल का?"

"खूश होऊ नका. तुमचं प्रेशर बघितलंत? मला लिव्हरची तेवढी काळजी नाही. हा आकडा ज्यांचा वाढलेला असतो अशा लोकांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं गेलंय. त्यांच्यात पक्षाघाताचा झटका येण्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त दिसतं. न पिणाऱ्यांतसुद्धा."

"लिव्हर पोटात आणि झटका डोक्यात. याचा त्याच्याशी काय संबंध?"

"तो आकडा झटका आणतो असं नाही म्हणत मी. तो चुगली करतो. आत काहीतरी बिघडतंय, रक्तवाहिन्यांचंही बिघडत असेल, अशी. एकट्या त्याच्यावर कोणी भरवसा ठेवू नये. पण तुमचं प्रेशर, तुमचं पोट, तुमची साखर आणि हा. चौघं एकाच दिशेला बोट दाखवताहेत."

"मग येणारच का?"

"येणारच असं नाही. येणार नाही असंही नाही. म्हणून तर गोळी." बाईंनी लिहायला घेतलं. "ही रोज. चुकवायची नाही. गोड बंद. चालायचं. आणि घरच्यांना सांगून ठेवा : तोंड वाकडं झालं, हात खाली पडला, बोलणं बोबडं झालं, तिन्हींतलं एक दिसलं तरी तडक हॉस्पिटल. तुम्हाला सांगून उपयोग नाही. ज्याला होतं त्याला स्वतःला पुष्कळदा कळतच नाही."

काटेसाहेब तिथून निघाले ते सरळ साडूच्या दुकानाकडे. सांगून टाकायचं, एवढंच मनात. दुकानात जुन्या रेक्झिनचा आणि गोंदाचा वास होता. साडू एका मोठ्या खुर्चीच्या पोटात डोकं घालून स्प्रिंगा बांधत होता. धाकटी समोर स्टुलावर बसून त्याला सुतळी देत होती. पूर्वी ती दुकानात पाऊल ठेवत नसे. साडूने आतूनच काहीतरी विनोद केला आणि ती अशी हसली की काटेसाहेबांना तिच्या लग्नाआधीची धाकटी आठवली.

"या भाऊजी," ती म्हणाली. मग उठून त्यांना खुर्ची देताना हळूच म्हणाली, "त्या लॅबवाल्या मुलीचा मी सत्कार करणार आहे. तिने नळ्या बदलल्या म्हणून मला नवरा मिळाला हो."

नळ्या बदलल्याच नव्हत्या, हे वाक्य काटेसाहेबांच्या जिभेवर तयार होतं. ते त्यांनी गिळलं. धाकटीसाठी गिळलं असं त्यांनी पुढे स्वतःला पुष्कळदा सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. पण पुरतं खरंही नव्हतं. तीस वर्षं लिंबूपाण्याचा ग्लास उंच धरला होता. आता रिपोर्ट आपलाच, असं म्हटलं की डॉक्टरीणबाईंचं ते 'बरं' प्रत्येकाच्या तोंडी येणार. चरबीने वाढतं, साखरेने वाढतं, हे ऐकायला कोण थांबतंय? लिव्हर म्हटलं की लोकांना बाटलीच दिसते. त्यांना स्वतःलाही आजवर तीच दिसत आली होती.

घरी त्यांनी अवाक्षर काढलं नाही. गोळ्या घरात ठेवल्या असत्या तर थोरलीच्या नजरेतून सुटल्या नसत्या, म्हणून त्या ऑफिसात, वजनांच्या पेटीत ठेवल्या. एक छोटं वजन कधीचं हरवलं होतं, त्याची मखमली खाच रिकामीच होती. रोज सकाळी पेटी उघडायची, गोळी घ्यायची, पेटी मिटायची.

चालण्याचं काय करायचं? तीही युक्ती सापडली. "साडूभाऊंना सोबत हवी," ते थोरलीला म्हणाले. "एकट्याचा नेम मोडतो." थोरलीला नवऱ्याचा अभिमान वाटला. तेव्हापासून दोघं साडू रोज सकाळी शाळेच्या मैदानाला फेऱ्या घालू लागले. डॉक्टरीणबाई काटेसाहेबांना जे जे सांगत ते ते काटेसाहेब तिथे साडूला सांगत.

"हे बघा साडूभाऊ, तुमच्यासारख्यांनी मीठ कमी खावं."

"बरं साहेब."

"आणि प्रेशर. तुमच्यासारख्यांना लिव्हरपेक्षा झटक्याची भीती जास्त."

"झटक्याची? ते काय नवीन?"

मग त्यांनी तो आकडा कशी चुगली करतो ते समजावलं, अगदी बाईंच्या शब्दांत. आणि तोंड, हात, बोलणं हे तिन्ही साडूकडून पाठ करून घेतलं. साडूने वैतागून विचारलं, "साहेब, झटका मला येणार, मग मला कशाला शिकवता? धाकटीला शिकवा."

"तिलाही शिकवू. पण तुम्हाला माहीत असलेलं बरं."

साडूने पाठ केलं आणि त्याचा खेळ करून टाकला. मैदानाला वळसा घालताना मधेच थांबायचा, तोंड वेडंवाकडं करायचा, एक हात लोंबता सोडून बोबडं बोलायचा, "शाहेब, मला नेताय ना?" काटेसाहेब हसत. आणि पुढच्या फेरीला तिन्ही लक्षणं पुन्हा म्हणवून घेत.

सहा महिन्यांनी धाकटीने नवऱ्याचं रक्त पुन्हा तपासून घेतलं. लिव्हर स्वच्छ! ते तेव्हाही स्वच्छच होतं, पण घरात आनंदीआनंद झाला. "सोडल्याचा गुण," धाकटी म्हणाली. तिने केक आणला आणि सगळ्यात मोठा तुकडा भाऊजींना दिला, कारण रोज चालायला नेऊन तिच्या नवऱ्याला त्यांनीच तर वाचवलं होतं. नाही कसं म्हणणार? काटेसाहेबांनी तो खाल्ला. दुसराही खाल्ला.

लपवलेल्या औषधाला कोणी धनी नसतो. घरात गोळी असती तर थोरलीने दोन वेळा विचारलं असतं, घेतली का, संपली का. इथे विचारणारं कोणी नव्हतं. दौऱ्यावर पेटी जायची, पण रविवारी ऑफिस बंद, पेटी बंद. सोमवारी घेतली की झालं, एका दिवसाने काय होतंय, असं ते म्हणत. प्रेशर जरा उतरलं तसा धीर वाढला. बाईंनी बोलावलेल्या दोन खेपा चुकवल्या. चालणं तेवढं चालू होतं, कारण ते साडूसाठी होतं.

असंच वर्ष गेलं आणि ऑफिसची इमारत रंगवायला काढली. सगळी कपाटं एका खोलीत कोंडून कुलूप लावलं आणि लोकांना आठवडाभर सुट्टी दिली. पेटी आत राहिली. ओळखीच्या दुकानातून नवीन गोळ्या घ्यायच्या तर दुकानदार थोरलीच्या बोलण्यातला, आणि दूरच्या दुकानात जायचा कंटाळा. आठवडा तर आहे, असं म्हणत काटेसाहेब घरी आराम करू लागले.

त्या आठवड्याच्या शेवटी ते दुपारचे साडूच्या दुकानात बसायला गेले. साडूने नुकतीच एक रुंद खुर्ची शिवून पुरी केली होती, फिकट राखाडी कापडाची. गिऱ्हाईक ती न्यायला आलेलंच होतं, दारात टेम्पोवाल्याशी बोलत होतं. "साहेब, बसून सांगा कशी झालीय," साडू म्हणाला. त्याच्या तोंडात खिळे होते, दुसऱ्या एका स्टुलाचं काम चालू होतं. काटेसाहेब खुर्चीत बसले, हातात चहाचा कप.

"झकास," ते म्हणाले.

म्हणजे म्हणायचं होतं ते झकास. बाहेर पडलं ते वेगळंच काहीतरी. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. शब्द डोक्यात लख्ख होता, तोंडात येईपर्यंत त्याचा चोथा होत होता. कप हळूहळू कलायला लागला. तो कलतोय हे त्यांना दिसत होतं, कोणा दुसऱ्याच्या हातातला कप दिसावा तसं. चहा राखाडी कापडावर सांडला आणि पसरत गेला.

"अहो साहेब, कापड!" साडू ओरडला. दारातल्या गिऱ्हाइकाने वळून पाहिलं. ओली खुर्ची, तीत एका बाजूला झुकलेला, बरळणारा जाडगेला माणूस. त्याने नाक मुरडलं. "भरदुपारी घेतलीय वाटतं यांनी."

काटेसाहेबांना ते स्पष्ट ऐकू आलं. त्या क्षणी त्यांना दुसरं काहीच सुचलं नाही, ना बायको, ना मरण. मी घेत नाही, एवढंच त्यांना त्या माणसाला सांगायचं होतं. सगळा जीव गोळा करून त्यांनी ते सांगितलं. बाहेर नुसता घशातला आवाज आला आणि हनुवटीवर लाळ.

साडू कापड पुसायला फडकं घेऊन पुढे आला होता. तो त्यांच्या तोंडासमोर थबकला. त्याने ओंजळीत खिळे थुंकले.

"साहेब, दात दाखवा."

काटेसाहेबांनी दाखवले. डावा गाल वर गेला, उजवा जागचा हलला नाही.

"दोन्ही हात वर करा."

एकच वर झाला.

"टेम्पो थांबव!" साडूने दाराकडे बघून आरोळी दिली. गिऱ्हाईक म्हणालं, "अहो, माझी खुर्ची..." "खुर्ची गेली खड्ड्यात!" साडू म्हणाला. टेम्पोवाल्याने पाय धरले, साडूने काखेत हात घातले, आणि सोफे वाहायच्या त्या टेम्पोत, फोमच्या तुकड्यांवर काटेसाहेबांना निजवून ते निघाले. वाटेत साडू एकदाही चेष्टेने बोलला नाही. एका हाताने त्यांचं डोकं धरून दुसऱ्या हाताने त्याने धाकटीला फोन लावला आणि म्हणाला, "ताईला घेऊन हॉस्पिटलला ये. नाही, मला नाही. साहेबांना."

वेळेत पोहोचले म्हणून गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देता आलं. डोक्याचा फोटो काढून डॉक्टरांनी ते लगेच दिलं. तरुण डॉक्टर होता. संध्याकाळी रक्ताचे रिपोर्ट हातात घेऊन तो बाहेर आला. बाकावर थोरली, धाकटी आणि साडू बसले होते.

"जीवाला धोका टळलाय. हात आणि बोलणं, हळूहळू बघू. यांना प्रेशरची गोळी चालू होती का?"

"नाही हो," थोरली म्हणाली. "कसलीच नाही."

"आणि हे किती घेतात? लिव्हरचा आकडा वाढलेला आहे, म्हणून विचारतो."

रडून रडून डोळे सुजलेल्या दोघी बहिणी एकमेकींकडे बघून चक्क हसल्या. "हे? अहो, हे थेंब घेत नाहीत!" थोरली म्हणाली. "लिव्हर ह्यांचं," धाकटीने नवऱ्याकडे बोट दाखवलं.

साडू हसला नाही. तो समोरच्या भिंतीकडे बघत राहिला. माणूस काही बुद्दू नव्हता. मैदानाच्या फेऱ्या, मीठ, प्रेशर, 'तुमच्यासारख्यांनी', पाठ करून घेतलेलं तोंड, हात, बोलणं, सगळं त्याच्या डोक्यात एका मागोमाग एक जागेवर बसत गेलं.

दुसऱ्या दिवशी तो एकटा आत गेला आणि पलंगाजवळ बसला. काटेसाहेब जागे होते.

"साहेब, नळ्या बदललेल्याच नव्हत्या ना?"

काटेसाहेबांनी डोळे मिटले, उघडले. होय म्हणून मान हलवली.

"आणि तुम्हाला कधीपासून ठाऊक?"

उत्तर द्यायला तोंड साथ देत नव्हतं, आणि साडूला उत्तराची गरजही नव्हती. "दीड वर्ष," तो म्हणाला. "दीड वर्ष मला कोरडा ठेवलात तुमच्या लिव्हरपायी." मग त्याला हसू फुटलं. तोंडावर हात दाबूनही थांबेना, तेव्हा नर्सने येऊन त्याला बाहेर जायला सांगितलं. बाहेर गेल्यावर तो जिन्यात बसला आणि हुंदके देऊन रडला, हे थोरलीने पाहिलं. तिथेच त्याने तिला सगळं सांगितलं.

थोरली आठ दिवस नवऱ्याशी जरुरीपुरतंच बोलली. औषध घ्या, कूस बदला, तोंड पुसा. घरी आणल्यावर, त्यांना उशांना टेकवून बसवल्यावर ती समोर बसली.

"लोकांनी तुम्हाला पितो म्हटलं असतं तर मला चाललं असतं," ती म्हणाली. "विधवा म्हटलेलं चाललं नसतं."

"धा... धाकटी..." काटेसाहेबांनी सुरुवात केली.

"धाकटीचं नाव मधे आणू नका. बहिणीचा संसार सांभाळायचा तर मला सांगून सांभाळला असता. ताकाला जाऊन भांडं लपवायची काय गरज होती? तुम्हाला तुमचा ग्लास सांभाळायचा होता."

  गोळ्यांचा डबा तेव्हापासून जेवणाच्या टेबलावर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतो. डॉक्टरीणबाईंकडे थोरली बरोबर जाते आणि प्रश्न तीच विचारते.

बोलणं बरंचसं परत आलं. दमल्यावर अडखळतं. उजव्या हाताला मात्र पितळी वजनं पेलेनात, म्हणून खात्याने त्यांना टेबलाचं काम दिलं. बाजारात आता दुसरा काटेसाहेब फिरतो.

साडूने पुन्हा घ्यायला सुरुवात केली. एकदम नाही. भावाच्या मरणाने बसलेली भीती गेली नव्हती, पण आकड्याची गेली होती. शनिवारी संध्याकाळी एक, फार तर दोन, तेही स्वयंपाकघरात धाकटीसमोर बसून. उरलेल्या संध्याकाळी तो माणसात असतो. कधी नेम मोडतो, मग ती दोन दिवस अबोला धरते. पूर्वीसारखं झालं नाही, मधल्या दीड वर्षासारखंही राहिलं नाही.

थोरलीच्या हट्टाखातर एके दिवशी काटेसाहेबांनी धाकटीला समोर बसवून स्वतःच्या तोंडाने सगळं सांगितलं. वेळ लागला. शब्द मधेच सापडेनात.  धाकटी त्यांचा उजवा हात मांडीवर घेऊन, डॉक्टरांनी शिकवलं होतं तसं, एकेक बोट उघडून मिटत राहिली.

"म्हणून... सांगितलं नाही," त्यांनी संपवलं.

"काय भाऊजी तुम्ही," धाकटी म्हणाली. "मला सांगायचंत ना. मीही नसतं सांगितलं ह्यांना. गोळ्या माझ्याकडे ठेवल्या असत्या तुमच्या."

 दोघा साडूंच्या लिव्हरचं गुपित धाकटीला सांगून, तिच्यासोबतही लपवता आलं असतं, हे काटेसाहेबांना कधी सुचलंच नव्हतं.

"आता हात उघडा," ती म्हणाली. "नाही, मी नाही उघडणार. तुमचे तुम्ही."

त्यांनी दात आवळले. अंगठा हलला, मग तर्जनी. बाकीची तीन बोटं अजून ऐकत नव्हती.